रत्नामावशींचा रकाना

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चर्चच्या पाळकांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, तेही रागाने — आणि राग स्वतःवरच आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे शेवटी तुम्ही माझी समजूत काढायला नको.

आमच्या मंडळीत मी पंच आहे. कोणी सलग तीन रविवार उपासनेला आलं नाही, की पंचाने घरी जायचं, विचारपूस करायची, एक गीत, एक प्रार्थना, आणि वहीत नोंद. वाघोलीकडची बारा घरं माझ्याकडे. अकरा घरी मी नेमाने जातो. पावसात गेलोय, अंगात ताप असताना गेलोय. लोक म्हणतात, "भाऊंमुळे आमचा विश्वास टिकला." ऐकताना अंगाची आग होते. कारण बारावं घर.

बारावं घर रत्नामावशींचं. निवृत्त नर्स, एकट्या, जिभेला धार. एका रविवारी मी पुढे उभा राहून हजेरीचे आकडे वाचत होतो — गेल्या वर्षी किती, यंदा किती, घट किती. पहिल्या बाकावरून मावशी मोठ्याने म्हणाल्या, "भाऊ, देवाला पाढे येतात. तुम्ही प्रार्थना करा." सगळं चर्च हसलं. माझी मुलगीसुद्धा.

एवढंच. हो, एवढंच! पन्नाशीच्या माणसाला एवढं पुरलं.

पुढे मावशी यायच्या बंद झाल्या. तीन रविवार झाले. मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो — आणि गाडी वळवली. घरी येऊन वहीत लिहिलं: भेट दिली. येण्याची इच्छा नाही. पुढच्या महिन्यात गल्लीपर्यंतही गेलो नाही. नोंद मात्र केली. सात महिने, सात नोंदी, अक्षर सुवाच्य.

आणि ज्या घरी पंच जातो, तिथे दुसरं कोणी जात नाही — आमची पद्धतच तशी. म्हणजे मी नुसता गेलो नाही असं नाही. मी त्यांच्या दाराला बाहेरून कडी घातली. महिला मंडळातल्या बायका विचारायच्या, "मावशी कशा आहेत हो?" मी म्हणायचो, "त्यांच्यासाठी प्रार्थना करा." कोणत्या तोंडाने म्हणत होतो?

मग नवे पाळक आले. वही चाळून म्हणाले, "चला भाऊ, मावशींकडे दोघं जाऊ." नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडायला वेळ लागला. मावशींच्या हातात काठी होती. खुब्याचं हाड मोडलं होतं — सात महिन्यांपूर्वी. जिना उतरणंच संपलं होतं. पाळक हळहळले. "अहो मावशी, चार जणांनी खुर्चीत बसवून आणलं असतं की! भाऊ दर महिन्याला येतात, त्यांना सांगायचं."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते मला मोजता आलं नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी मोजलेली नाही.

"भाऊ म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "मीच नको म्हटलं."

तेव्हा मी बोलायचं होतं ना? एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी मी गीत काढलं. मावशी बसल्या जागेवरून गायल्या, सगळी कडवी, पुस्तक न उघडता.

घरी येऊन वही उघडली. भेट दिली — पहिल्यांदाच खरं. आणि शेजारच्या रकान्यात, सगळं माहीत असताना, पुन्हा लिहिलं: येण्याची इच्छा नाही.

याला दोन वर्षं झाली. मी अजून पंच आहे. आजही रविवारी उभा राहून सांगतो, एकमेकांना धीर द्या, एकत्र येणं सोडू नका. माना डोलतात. मावशी तिसऱ्या मजल्यावर आहेत. खुर्ची उचलायला चार माणसं लागतात. मी एकालाही विचारलेलं नाही.