मावशीची अंगाई

मावशीला कुणी कलावंत म्हटलं की ती चिडते. तिने जन्मभर लोकांचे कपडे शिवले. शिवता शिवता ती आजीची अंगाई म्हणायची आणि मधेच एका ओळीपाशी थांबायची. आम्ही भाचरं त्या शांततेतच झोपी जायचो.

मी गवई झालो. एकदा मैफलीत तीच अंगाई गायलो, तिच्यासारखाच थांबलो. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. नंतर एकाने विचारलं, "थांबण्यातली ही समाधी कुठल्या गुरूंनी शिकवली?"

मी पहिल्या रांगेत बसलेल्या मावशीकडे बोट दाखवलं.

"कसली समाधी?" ती करवादली. "तोंडात टाचण्या धरल्यावर गाणार कशी?"

आजही अंगाई गाताना त्या जागेवर आलो की माझे हात आपोआप जुळतात. आधी टाचण्या दिसतात, मग देव.