कप्तानाची दाढी

लिही. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, तो सलूनवाला, त्याचं सांगते. हात इतका हलका की खुर्चीत बसलेली माणसं दाढी होता होता घोरायची. पण स्वतःच्या तोंडावर हे एवढं जंगल! गिऱ्हाईक आरशात बघायचं, तर पुढे आपला साबण लावलेला चेहरा आणि मागे वस्तरा घेतलेलं झुडूप. नवा माणूस दारातूनच परत फिरायचा.

झालं काय, टीव्हीवर एक मालिका लागते. अंतराळातलं यान, आत माणसं, बाहेर काळोख. दर आठवड्याला काहीतरी बिघडतं नि दुरुस्त होतं, आपल्या नळासारखं. भाच्याला त्याचं भारी वेड. पोस्टमन, भूगोलाचे मास्तर, मेडिकलवाला, सगळे त्याच्याच दुकानात बघायला जमायचे. याला ‘कप्तान’ म्हणायचे.

आता त्या मालिकेची गोष्ट कुठे न्यायची ते ठरवणारा एक माणूस असतो. शोरनर म्हणतात त्याला. त्यानं काय करावं? यानाच्या कप्तानबाईला एका धुक्याच्या ग्रहावर सोडलं नि यान पुढे नेलं. झालं! घरातलंच कुणी गेल्यासारखी सगळ्यांची तोंडं. माझ्या भाच्यानं भर दुकानात हात वर केला, “हा माणूस मालिका सोडून जात नाही, तोवर माझ्या गालाला वस्तरा लागणार नाही!”

कुणीतरी ते फोनवर टिपलं आणि दाढी गाजली. लांबून लांबून लोक फोटो काढायला यायचे. केस कापून घ्यायचे नाहीत हं, नुसता फोटो.

त्याची बायको गुणाची पोर. मला म्हणायची, “मावशी, हे हसतात की चिडतात तेच कळत नाही हो. नवऱ्याचं तोंड बघायची चोरी झालीय.” पण शब्द दिलाय म्हटल्यावर थांबली बिचारी. “तो मेला जाऊ दे एकदा,” म्हणायची. रोज त्या परक्या माणसाची नोकरी सुटायची वाट बघायची.

आणि सुटली की! भरदुपारी बातमी आली. मी दुकानातच बाकावर बसलेली, पोस्टमन खुर्चीत, एका गालाला फेस. भाचा ओरडला, “गेला! गेला रे!” मी म्हटलं आता हे नाचणार. तर पोस्टमनच्या डोळ्यांत पाणी.

मी म्हटलं, “अरे, तूच ना त्याला रोज शिव्या घालायचास?”

“घालायचो, आजी. पण आपला होता हो तो.”

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे सूर फिरले. कालपर्यंत जो नालायक, तो आज सोन्यासारखा माणूस. मास्तर तर उभे राहून बोलले, “असा दिग्गज पुन्हा होणे नाही.” हेच मास्तर त्याला गाढव म्हणायचे, तेही वर्गात. मग ठरलं काय, तर कप्तानानं दाढी काढायची नाही. काढली तर आनंद झाला असं दिसेल. आता तो परत येईपर्यंत दाढी ठेवायची! सगळ्यांनी हात वर केले. आणि आमच्या येड्यानंही केला.

घरी बायको गरम पाणी काढून, टॉवेल घेऊन बसलेली. हा म्हणाला, “थोडं थांब.” तिनं उठून पाणी मोरीत ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी मंडळी जमलेली, मीही तिथेच, तर ती दुकानात आली आणि गिऱ्हाइकाच्या बाकावर बसली.

“माझा नंबर लावा.”

“काय करायचंय?” भाचा घाबरून म्हणाला.

“दाढी. तुमची.”

मेडिकलवाला पुढे आला, “वहिनी, हा आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे.”

“मग सगळेच वाढवा की. आजपासून. ह्यांनी पुष्कळ दिवस सांभाळली.”

पोस्टमन म्हणाला, ऑफिसात चालत नाही. मास्तर म्हणाले, मुलं हसतील. मेडिकलवाला म्हणाला, मला खाज सुटते. भाचा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. सगळी कशी गुळगुळीत, त्यानंच केलेली. मग गुपचूप स्वतःच्या खुर्चीत बसला नि कात्री उचलली.

मंडळी पाय आपटत निघून गेली. एक बाजू साफ झाली तोच फोन वाजला. बघतो तर मंडळींनी मालिकेच्या फोनवरच्या ग्रुपमधून काढून टाकलेलं, गद्दार म्हणून. हात थांबला त्याचा. अर्धं तोंड माणसाचं, अर्धं अस्वलाचं, आणि डोळे भरलेले.

तिनं फोन काढून घेतला. “दुसरी बाजू.”

केली बाबा त्यानं. तोंड धुतलं, पुसलं, तिच्याकडे वळला. ती बघतच राहिली. हनुवटी पांढरीफटक, गाल बसलेले, पण तोच तो. हसलासुद्धा, कसनुसा.

“मावशी,” ती म्हणाली, माझ्याकडे न बघताच, “जरा बाहेर उन्हात बसता का?”

उठले मी. भरदुपारी कुणी दुकानाचं शटर ओढतं का? मी बाहेरून माझी काठी अडकवली नि ओढलं.