हरला तो घरी : ब्रॉन्क्समधला एक उन्हाळा

ऐंशीच्या दशकात, शाळेतली नोकरी संपली त्याच वर्षी, मी मिरजेहून अमेरिकेला निघाले. न्यूजर्सीत वेस्ट विंडसरला माझी मोठी बहीण राहत होती. विमानातून उतरले तो शनिवार होता. रविवारी सकाळी डोळे उघडत नव्हते, तरी ताईने मला उठवलं. ती पुऱ्या लाटत होती.

"भावोजींबरोबर ब्रॉन्क्सला जाऊन ये," ती म्हणाली. "यांचं सगळं समर संडेला त्या आयरिश लोकांच्या फुटबॉलमध्ये जातं. मी ट्राय करून सोडून दिलं. तू आयुष्यभर मुलींना खो-खो शिकवलास, तुला आवडेल."

भावोजी, डॉक्टर वसंतराव, इमर्जन्सीत काम करत. उमेदवारीची वर्षं त्यांनी ब्रॉन्क्सच्या इस्पितळात काढली होती. तिथली नोरा नावाची आयरिश नर्स त्यांना एकदा मैदानावर घेऊन गेली आणि तेव्हापासून तिच्या संघाचे ते बिनपगारी डॉक्टर झाले. संघाचा कॅप्टन नोराचा धाकटा भाऊ, शॉन. तो इमारतींच्या बांधकामावर सुताराचं काम करायचा.

मैदान रेल्वेच्या यार्डाला लागून होतं. गवत मध्येमध्ये उडालेलं, एका बाजूला लाकडी बाकं, दुसऱ्या बाजूला बार. तिथे पोचेपर्यंत या खेळाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. चेंडू गोल, व्हॉलीबॉलएवढा, पण जड. तो हातात धरून पळता येतं, मात्र चार पावलं झाली की जमिनीवर आपटायचा, नाहीतर पायाने उडवून पुन्हा झेलायचा. गोलाचे दोन खांब वरपर्यंत गेलेले. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खाली जाळ्यात गेला तर तीन. धक्काबुक्की बरीच. माझ्या मुलींना मी असं एकमेकींच्या अंगावर जाऊ दिलं नसतं.

"आणि हरलं तर?" मी नोराला विचारलं.

"तर घरी. पुढच्या वर्षी या," नोरा म्हणाली. ती उंच, लालसर केसांची, चाळिशीची बाई होती. (तिचं इंग्रजी मी मराठीत लिहिते आहे. पहिले दोन रविवार मला ते निम्मंच कळत होतं.)

पहिली मॅच आम्ही सहज जिंकलो. मॅचनंतर गाडीच्या बॉनेटवर ताईच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी मांडली. नोराने सोडा ब्रेड आणला होता (यीस्टऐवजी खायचा सोडा घालून केलेला जाड पाव). शॉनने भाजी पावावर पसरून खाल्ली आणि म्हणाला, "बटाटा आम्हाला माहीत आहे असं आम्हाला वाटायचं."

उन्हाळा असाच गेला. आठवडाभर मी ताईबरोबर मॉलमध्ये जायची, तिच्या ओळखीच्या मराठी घरी जेवायला जायची. एकदा न्यूयॉर्कला जाऊन पुतळा पाहिला. रविवारी मैदान. आमचा संघ एकेक फेरी पार करत सेमी-फायनलपर्यंत पोचला.

त्या दिवशी वाटेतल्या पुलाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये गाडीचं इंजिन तापलं. बॉनेट उघडून, पाणी मागून आणून, निवेपर्यंत वाट पाहून आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा खेळाचा दुसरा भाग चालू होता. आम्ही एका गोलाने पुढे होतो. शॉन खेळत होता, पण काहीतरी चुकत होतं. चेंडू थांबला की तो शेजारच्या खेळाडूला काहीतरी विचारायचा. एकदा आमच्याच गोलाच्या दिशेने पळायला लागला आणि कुणीतरी खांदा धरून वळवला.

"भावोजी, याला आपली बाजू कळत नाहीये," मी म्हणाले.

भावोजी एकटक बघत राहिले. शिट्टी झाली, आम्ही जिंकलो, लोक मैदानात धावले. भावोजींनी शॉनला बाकावर बसवलं.

"स्कोअर काय झाला, शॉन?"

"आत्ताच सांगितलं ना तुम्ही," शॉन म्हणाला. कुणीच सांगितलं नव्हतं.

मग कळलं. पहिल्या भागात कुणाचं तरी कोपर लागून तो काही क्षण बेशुद्ध पडला होता. पाणी मारून त्याला पुन्हा उभं केलं होतं. भावोजींनी त्याला इस्पितळात नेलं. फोटोत काही निघालं नाही. पण त्यांनी सांगितलं, यंदा खेळायचं नाही. फायनल पंधरवड्यावर होती.

संघाचे व्यवस्थापक कीन म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. ते पुढच्या रविवारी चक्क वेस्ट विंडसरला आले. चहा न पिता बोलले. "डॉक्टर, फोटो स्वच्छ आहे. मुलगा हिवाळ्यात कायमचा मायदेशी जातोय. त्याची ही शेवटची मॅच. आणि त्याच्याशिवाय आम्ही हरणार."

"हराल कदाचित," भावोजी म्हणाले.

"काही होणार नाही त्याला."

"बहुतेक नाही होणार. पण डोकं अजून दुखतंय त्याचं. त्यावर दुसरा मार बसला तर मी मैदानावर काही करू शकणार नाही. मी हो म्हणणार नाही. दुसरा डॉक्टर बघा."

कीन गेल्यावर ताई म्हणाली, "इतकी वर्षं फुकट राबलात, आता सगळे तोंड फिरवतील." भावोजींनी अंगणातलं गवत कापायला घेतलं. ते आदल्याच दिवशी कापलेलं होतं.

फायनलला ताई पहिल्यांदाच आमच्याबरोबर आली. शॉन संघाचे कपडे घालून बाकावर बसला होता, पायात मोजे, समोर बूट. भावोजींकडे न बघता तो म्हणाला, "मी खेळणार आहे."

नोरा भावाकडे नुसती बघत होती. मग ती वाकली, बूट उचलले आणि ताईच्या हातातल्या पुऱ्यांच्या पिशवीत टाकले. "आईला फोन मला करावा लागेल, तुला नाही," ती म्हणाली. शॉन उठून उभा राहिला. ताईने पिशवी छातीशी धरली. एवढा धिप्पाड माणूस, पण त्याने ती ओढली नाही. तो खाली बसला.

आम्ही एका गुणाने हरलो. शेवटच्या मिनिटाला आमचा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. तो शॉनने घातला असता, असं माझ्या मागे दोघेजण बोलले, आम्हाला ऐकू जाईल असं. माझ्या शेजारी शॉन डोकं हातात धरून बसला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शाळेत हरलेल्या मुलीच्या पाठीवर ठेवायची तसा. त्याने तो राहू दिला.

त्या दिवशी पुऱ्या कुणी खाल्ल्या नाहीत. ताईने बूट काढून नोराला दिले. कीन दुरून गेले, त्यांनी मान हलवली नाही. परतताना गाडीत भावोजी ताईला म्हणाले, "शॉनला काही झालं नाही तर लोक म्हणतील, डॉक्टर उगाच घाबरला. आणि त्याला काही होणार नाही, कारण तो खेळला नाही. माझ्याकडे दाखवायला काहीच नाही, कुसुम."

"दाखवायचंय कुणाला?" ताई म्हणाली. "नेक्स्ट इयर मीच ड्राइव्ह करीन."

मी मिरजेला परतले. त्या हिवाळ्यात शॉन गावी गेला, ठणठणीत. नोराने ताईला कळवलं की तो तिथे बापाचं घर दुरुस्त करतोय. वसंतात कीननी भावोजींना फोन केला. माफी वगैरे नाही. पहिली मॅच कधी आहे तेवढं सांगितलं.

इथे मैत्रिणी विचारतात, अमेरिकेत काय पाहिलंस. मी पुतळा सांगते, मॉल सांगते. मग त्या मॅचची गोष्ट निघते आणि त्या विचारतात, शेवटी जिंकलं कोण. खेळातलं माणूस मी, निकाल नेहमी एका वाक्यात सांगत आले. हा मात्र सांगायला बसले की संध्याकाळ होते.