साक्ष द्यायला मादन हिप्परग्याला

गुहागरहून निघताना पिशवीत आंब्याच्या लोणच्याच्या दोन बरण्या, थोडी आमसुलं आणि एक स्वेटर घेतला होता. "स्वेटर कशाला?" असं आमच्या ह्यांनी विचारलं, तर मी ठसक्यात म्हटलं, "पठारावर ऑक्टोबरात गारवा असतो, तुम्हाला काय कळतंय!" पुण्याहून रात्रीची गाडी पकडली आणि सकाळी कलबुर्गीच्या फलाटावर उतरले. कप्पाळ माझं! तांबडं फुटून तासही झाला नसेल, आणि स्वेटरकडं नुसतं बघूनसुद्धा घाम फुटत होता. ह्यांना फोनवर मात्र "छान हवा आहे" असंच कळवलं.

आता मी तिकडं कशाला निघाले, ते आधी सांगते. देवदर्शन नव्हतं, लग्नकार्य नव्हतं. मी साक्ष द्यायला निघाले होते.

गेल्या मार्चमध्ये आमचा सहलीचा गट परदेशातल्या एका बेटावर गेला होता. देशाचं नाव लिहीत नाही, उगाच तिकडं जायला निघालेल्यांच्या पोटात गोळा नको. गटात मादन हिप्परग्याचा शरणप्पा म्हणून एक गृहस्थ होता. गावात त्याचं बी-बियाण्याचं दुकान. माल चांगला खपवला म्हणून कंपनीनं त्याला एकट्याचं तिकीट बक्षीस दिलेलं. पहिल्याच सकाळी हॉटेलातली न्याहारी बघून माझं तोंड उतरलं, तेव्हा ह्यानं पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली आणि म्हणाला, "अक्का, घ्या. हे खाल्लं की परदेश बी बरा वाटतोय." मी लोणच्याची बरणी उघडली. झालं, आमची गट्टी जमली. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, हसरा, गुणी माणूस. सहल संपायच्या आदल्या सकाळी तो किनाऱ्यावरच्या उथळ पाण्यात बुडाला. मी वाळूतच बसले होते, माझ्या डोळ्यांदेखत गेला. तिथल्या पोलिसांनी माझा जबाब घेतला, अपघात म्हणून नोंदवलं आणि प्रकरण मिटवलं.

मिटलं त्यांच्यापुरतं. परवा शरणप्पाच्या बायकोचा, महादेवीचा फोन आला. "अक्का, आमचे धाकटे दीर हाईत, मल्लिनाथ. ते पोलिसाचं मानायलेच न्हाईत. अण्णाला कुनीतरी मारलंय म्हनायलेत. मातीतनं काढून परत तपासा म्हनून अर्ज लिवून ठिवलाय, सोमवारी द्यायचा हाय. माझ्या मालकाला उकरून काढू देऊ नका, अक्का. तुमी बगितलाव, तुमी येऊन सांगा." मग काय, निघाले.

स्टेशनाबाहेर पहिल्यांदा सुसला खाल्ला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन वर डाळ्याचं कूट पेरतात). वर मिरची भजी. ती मिरची दिसायला आपल्या भज्यातल्यासारखी गरीब, पण घास घेतला आणि उचकी लागली ती बसस्टँडपर्यंत काही थांबेना. रिक्षावाला आरशातून बघत हसत होता. "आमच्या गुलबर्ग्याचा पाहुणचार हाय मॅडम," म्हणाला. पाटी कलबुर्गीची, पण बोलण्यात अजून गुलबर्गाच. रस्त्यानं डाळीच्या गिरण्यांचा भाजका वास दरवळत होता, त्यानं मात्र पुन्हा भूक लागली.

आळंदच्या बसमध्ये कंडक्टर आला. शेजारच्या सगळ्या बायका आधार कार्ड दाखवून फुकटचं तिकीट घेत होत्या. मीही ऐटीत माझं कार्ड पुढं केलं. त्यानं ते उलटंसुलटं बघितलं आणि गालात हसला. "अक्का, हे महाराष्ट्राचं. फुकट फक्त कर्नाटकाच्या बायकांना." सगळी बस माझ्याकडं बघायला लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुकाट्यानं पैसे काढले.

शेजारी एक ठसठशीत बाई बसली होती. बीदरजवळच्या कमठाण्याची, आळंदला लेकीकडं निघालेली. माझी फजिती बघून तिला माझी माया आली असावी, कारण तिनं लगेच डबा उघडून शेंगाची होळगी (शेंगदाण्याच्या कुटाची पोळी) हातावर ठेवली.

"कुठं जायलाव?"

"मादन हिप्परग्याला. शरणप्पांच्या घरी."

"अगं बया! ते परदेशात मारलेले?"

"मारलेले नाही हो. बुडाले."

"असं पोलिस म्हनायलेत," ती म्हणाली आणि मान हलवली. "पोलिस काय म्हननार? त्यांच्या गावात पावन्याला मारलं म्हनून लिवलं, तर उद्या पावने कशाला येतेल?"

पुढच्या बाकावरचा म्हातारा वळला. "इथं आपल्या भाषेत बोंबलून सांगितलं तर आपलं खरं लिवून घेत न्हाईत. तितं तर भाषा बी दुसरी." कंडक्टरही तिकिटं सोडून उभा राहिला. त्याच्या मेव्हण्याच्या मित्राचं कुठल्याशा देशात असंच झालं होतं म्हणे. आळंद येईपर्यंत अर्ध्या बसनं शरणप्पाचा खून कुणी, कसा आणि कशासाठी केला ते ठरवूनसुद्धा टाकलं. मी तिथं होते, हे सांगायची मला हिंमत झाली नाही. मलाच आरोपी केलं असतं!

आळंदला गाडी बदलली. पुढचा रस्ता बघून डोळे निवले. काळीभोर जमीन, आणि नजर पोचेल तिथवर तूर, पिवळ्या फुलांनी नुसती पेटलेली. आमच्याकडं डोंगर नाहीतर समुद्र, डोळ्याला कुठंतरी अडायची सवय. इथं काही अडवायलाच नाही. डांबरी रस्ता मात्र अधूनमधून सुट्टीवर गेलेला. एका खड्ड्यात पिशवी उडाली, लोणच्याची एक बरणी फुटली आणि तेल गेलं थेट स्वेटरवर. चला, स्वेटर कामी आला.

मादन हिप्परगा म्हणजे चांगलं मोठं गाव. थांब्यावर मल्लिनाथ उभाच होता. उंच, सडसडीत, पांढरा सदरा. वाकून नमस्कार केला, पण चेहरा घट्ट मिटलेला. "शरणु, अक्का. आधी जेवा. मग बोलू." घरात महादेवीनं माझे हात धरले ते सोडेचना. तिची सासू, सगळे तिला अव्वा म्हणत होते, भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला नुसतं जवळ बसवून घेतलं. जेवायला कडक भाकरी, एण्णेगायी (तेलात मुरलेली भरली वांगी), घट्ट वरण आणि ताक. दुःखाच्या घरी पोटभर जेवू नये म्हणतात, पण महादेवी वाढत राहिली आणि मी खात राहिले. खोटं कशाला बोलू, तसं वरण मी जन्मात खाल्लं नव्हतं.

हात धुतले आणि बघते तर अंगणात वीसेक माणसं येऊन बसलेली. मल्लिनाथ माझ्यासमोर बसला.

"अक्का, खरं सांगा. पानी किती होतं?"

"गुडघाभर."

अंगणात कुजबुज झाली. "बगा!" मल्लिनाथ म्हणाला. "आमचा अण्णा पावसाळ्यात भरलेल्या हिरीत वरनं उडी मारून तळाची माती आणायचा. सगळ्या गावाला पोहायला त्यानं शिकिवलं. त्यो गुडगाभर पान्यात बुडतोय? हे शेंबडं पोर बी मानायचं न्हाई."

आता मात्र मी सरसावून बसले. समुद्राचं मला कुणी शिकवायचं नाही. "भाऊ, तुमच्या विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. आमचं तसं नाही. लाट परत जाते ना, तेव्हा पायाखालची वाळू काढून नेते. उभा माणूस तोल सावरतो. वाकलेल्याला ती खाली पाडते आणि ओढून खोल पाण्यात नेते. तिथं पोहणारा आणि न पोहणारा सारखाच. आमच्याकडं दर वर्षी घाटावरची माणसं अशीच जातात, अगदी पट्टीची पोहणारी. आणि तो वाकलेला होता."

"वाकला कामून?"

"शिंपले वेचत होता."

मल्लिनाथनं माझ्याकडं रोखून बघितलं.

"ते शिंपल्याचं पोलिसाला कुनी सांगितलं?"

"मी."

"तुमी?" तो जवळजवळ ओरडलाच. "त्या एका गोष्टीवरनं तर आमी म्हनलाव, हे समदं रचलेलं हाय! अण्णा अंडं शिवत न्हवता. हॉटेलात मासळीचा वास आला तर फोन करून सांगायचा, जेवन जाईना म्हनून. त्यो शिंपले हातात घेईल?"

खरंच की! आमच्याकडं ओहोटीला कोणी वाकलेलं दिसलं की ते शिंपले काढतंय, हे लहान मूलही सांगेल. वाकलेल्या माणसाला समुद्रात दुसरं काही काम असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुभाष्यानं विचारलं, काय करत होते. मी सांगून मोकळी झाले. पोलिसांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

"आन लिंग कुठं गेलं, ते बी सांगा," मल्लिनाथ म्हणाला.

"कसलं लिंग?"

त्यानं सदऱ्याची गुंडी सोडून गळ्यातली चांदीची डबी बाहेर काढली. आत इष्टलिंग (हे बसवण्णांना मानणारे लोक जन्मभर अंगावर बाळगतात, रोज तळहातावर घेऊन पूजा करतात). "अण्णाला परदेशातनं घरी आनलं तवा गळा मोकळा होता. चांदीसाठी कुनीतरी मारलंय, पोलिसानं झाकलंय. आमचा मानूस हे गळ्यातनं काढत न्हाई. झोपताना न्हाई, आंगोळीला बी न्हाई."

ती डबी बघितली आणि मला त्या सकाळचा किनारा आठवला.

शरणप्पा लाटांतून बाहेर आला होता. हसत हसत माझ्याकडं येत होता. मधेच थांबला, छातीवर हात ठेवला, मग गळ्याशी चाचपलं आणि वळून पुन्हा पाण्यात धावला. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पोलिसांनी विचारलं, "त्यांना छातीचं दुखणं होतं का?" मी म्हटलं, माहीत नाही. तिथंच ते थांबलं.

मी सगळं जसं दिसलं तसं पुन्हा सांगितलं. छातीवरचा हात, गळा, धावणं, दोन्ही हातांनी पाण्याखालची वाळू उपसणं. वाळू उपसत उपसत तो पुढं पुढं गेला होता. मग मी विचारलं, "हे पडलं, हरवलं, तर तुम्ही काय करता?"

दारातून महादेवी म्हणाली, "सापडेपर्यंत पान्याचा घोट बी घेत न्हाईत, अक्का. हुडकत ऱ्हातेत."

मला रडू कोसळलं. अव्वानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. लेक तिचा गेला होता आणि समजूत ती माझी काढत होती. अंगणातली माणसं एकेक करून उठली. मल्लिनाथ तर कधीच उठून गेला होता.

ऊन उतरल्यावर महादेवी मला शेतात घेऊन गेली. तुरीच्या कडेला मातीचा चौथरा, राखेनं पांढरा केलेला. ह्यांच्यात जाळत नाहीत, मांडी घालून बसवून मूठमाती देतात. मल्लिनाथ तिथंच होता, चौथऱ्याभोवतीचं गवत उपटत होता. डोळे लालभडक.

महादेवी त्याच्यापासून थोडी दूर उभी राहिली. "भावजी, बसिवलं तवा स्वामींनी त्यांच्या हातावर नवं लिंग ठिवलंय. तुमीच तर आनून दिलतं. ज्याच्यासाठी गेले, ते हातात हाय त्यांच्या. आता उकरलं, तर ते परत हातातनं पडंल."

मल्लिनाथनं मूठभर गवत बांधावर टाकलं. पाठमोराच म्हणाला, "अर्ज देत न्हाई, वैनी." महादेवी मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली. इतके दिवस ती भीतीनं धड रडलीही नव्हती, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या सकाळी परतीची बस. पिशवीत फुटलेल्या बरणीच्या जागी तुरीची डाळ, कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाची चटणी. अव्वानं स्वेटर धुऊन वाळत घातला होता. तेलाचा डाग काही गेला नव्हता. थांब्यावर मल्लिनाथ पोचवायला आला. आम्ही पावसावर बोललो, तुरीच्या भावावर बोललो. बस दिसली तेव्हा तो खऱ्या गोष्टीवर आला.

"अक्का, त्या पोलिसानं एवढं तरी इचारायचं हुतं. मानूस पान्यात काय हुडकायलाय म्हनून."

"विचारलं असतं तरी मला कुठं सांगता आलं असतं?"

"तुमाला न्हाई. आमाला इचारायचं. एक फोन केला असता, तर वैनीनं सांगितलं असतं." त्यानं माझी पिशवी वर चढवली. "पोलिसावर माझा इस्वास न्हाई, आन बसनार बी न्हाई. तुमच्यावर हाय, म्हनून गप बसलाव."

बस सुटली. मी खिडकीतून हात हलवला, तोही हलवत राहिला. आपण घरबसल्या पेपर वाचतो, कुणी परदेशात गेलं की लगेच म्हणतो, पोलिसांनी दडपलं. दडपत असतीलही, मी कुणाची वकील नाही. पण ह्या वेळी तिथं कुणी काही दडपलं नव्हतं. समुद्राजवळची बाई भेटली, ती म्हणेल ते त्यांनी खरं धरलं. पिवळ्या तुरीतून आळंदकडं जाताना मल्लिनाथचं शेवटचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. तिथल्या पोलिसांनीही माझ्यावरच विश्वास ठेवला होता.