शाळेच्या रंगपेटीतलं चित्र

स्वच्छतेचं मला वेड आहे आणि ते मी आजवर गुण म्हणून मिरवत आले. इथे परदेशात, क्लेटन या उपनगरात आमच्या शेजारी नव्वदी ओलांडलेल्या एक बाई एकट्याच राहतात. मी त्यांना आजी म्हणते, रोज चहाला त्यांच्याकडे जाते. गेल्या वर्षी दिवाळीआधी माझं घर लख्ख झालं, तरी हात थांबेनात, म्हणून मी त्यांच्याकडे मोर्चा वळवला. नवरा म्हणाला, "अगं, त्यांना कुठली आलीय दिवाळी? लष्कराच्या भाकऱ्या भाजू नकोस." मी ऐकते थोडीच!

आजींच्या पलंगासमोर एकच चित्र होतं, खिडकीशी बसलेल्या त्यांच्या आईचं. वडील बर्लिनचे ज्यू चित्रकार. नाझींनी त्यांची चित्रं सडकी कला ठरवून संग्रहालयातून काढून टाकली, पुढे चित्र काढायलाच बंदी घातली. दुकानदार रंग देईनासे झाले. तेव्हा त्यांनी सात वर्षांच्या लेकीच्या शाळेच्या रंगपेटीतून हे चित्र केलं. बाप-लेक बोटीने इकडे निघाले. आई तिच्या आजारी आईपाशी थांबली, ती मागाहून यायची होती. आली नाही. तिला कुठे नेऊन मारलं, तेही नीट कळलं नाही. तिचा फोटो एकही उरला नाही. इथे आल्यावर वडिलांनी बिस्किटांच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवण्यात जन्म काढला. इथे कुणाची बंदी नव्हती, पण ब्रश त्यांनी पुन्हा हातात धरला नाही.

हे सगळं आजींनी मला कितीदा तरी सांगितलं होतं, रंगपेटीसकट. चहा पीत मी हो हो म्हटलं होतं.

चित्राची काच आतून धुरकटली होती. आमच्याकडे दिवाळीआधी गेलेल्या माणसांच्या तसबिरी उतरवतात आणि काच काढून आतून-बाहेरून ओल्या फडक्याने पुसतात. फोटोंना काही होत नाही. मी तेच केलं. कागदावर तपकिरी बुरशी दिसली, म्हणून जरा दाबूनच दोन हात मारले. फडकं पिवळं झालं, मग निळसर. मनात म्हटलं, किती हा मळ! खाली बघते तर खिडकीची चौकट उरलेली आणि तिच्याशी एक ओला डाग.

नाझींच्या तावडीतून जे सुटलं होतं, ते मी दिवाळीच्या साफसफाईत पुसून टाकलं होतं. स्वतःच्या हातांची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

आजींना तेव्हा चार वर्षांपासून समोरचं दिसत नव्हतं. चित्र तसंच टांगलं असतं तर त्यांना कधी कळलंही नसतं. तसा विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू? पण सांगितलं.

"नो वरीज, डिअर," त्या म्हणाल्या. कुणाच्या हातून कॉफी सांडली की इथे म्हणतात, तसंच. नंतर चाचपडत त्यांनी माझा हात धरला.

"मला तिचा चेहरा आता आठवत नाही. शेवटचं तूच पाहिलंस तिला. ती बाहेर बघत होती, की माझ्याकडे?"

मी डोळे मिटून आठवू लागले. त्या खोलीत मी चार वर्षं रोज जात होते. मला फक्त बुरशी आठवत होती.