जिलेबीवाल्याच्या घरात चोरीचा खटला

मंडळी, आज सकाळी भावाच्या घरी खटला चालला आणि न्यायाधीश म्हणून मला, म्हणजे आत्याला, बसवलं. योग्य निवड!

आरोपी माझी भाची, दादाची लेक रेवा. एका गाजलेल्या मारामारीच्या गेमवरून तिने दोन वर्षं खपून स्वतःचा गेम बनवलाय आणि फुकट वाटतेय. लढणारे त्या मूळ गेममधलेच, मैदान मात्र आपला तापीचा राजघाट.

दादा कडाडला, "ही चोरी आहे. आत्ताच्या आत्ता डिलीट कर!"

मी विचारलं, "दादा, मावा जिलेबी तू कुठे शिकलास रे?"

"शेजारच्या दुकानासमोर उभं राहून, बघून बघून. पण त्यात केशर मी टाकलं!"

रेवा म्हणाली, "मग पप्पा, राजघाट मी टाकला ना!"

दादा हळूच तिचा मोबाइल ओढून खेळायला बसला आणि पहिल्याच फेरीत आपटला.

"यात झारा घेऊन लढणारा कुणी का नाही?" म्हणे.

गेम वाचला. रेवाने सुरुवातीलाच मूळ गेम कोणाचा ते ठळक लिहिलंय. दादाच्या पाटीवर मात्र 'असली जिलेबी' एवढंच आहे, शेजाऱ्याचं नाव नाही.

तुमच्या पाटीवर कोणाचं नाव लिहायचं राहिलंय?