एकच देश उरला

नेरच्या मंजुषाबाईंच्या कॉम्प्युटरवर दोनच डीव्हीडी लागत. एक इथलीच, त्यांचे गेलेले यजमान दीनानाथ यांच्या आवडत्या विनोदी नाटकाची. दुसरी लेकीने अमेरिकेत विकत घेऊन पाठवलेली. तिच्यात नात सुरभी शाळेच्या मुलांबरोबर गाते. तिकडची डीव्हीडी इकडे सरळ चालत नाही, कॉम्प्युटर आधी देश बदलायला सांगतो. बाई बदलत, नातीला पाहत आणि उठताना पुन्हा भारत करून ठेवत. वस्तू जागच्या जागी ठेवायची, ही संसारभराची सवय.

आज पडद्यावर सूचना आली: आता एकदाच बदलता येईल, मग तोच देश कायम राहील आणि फक्त तिथलीच डीव्हीडी चालेल.

शेजारच्या कोकिळाबाई विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "काहून बदलत होत्या वो दरवेळी? तो काय गॅस आहे, बंद केल्याबिगर चैन नाही?"

"मले काय ठाऊक, मोजून देतात म्हणून!"

"लेकीले विचारा ना."

"तिकडे रात्र आहे आता."

कोकिळाबाई गेल्या. नाटक तर बाईंना तोंडपाठ होतं, दीनानाथ कुठे हसत तेसुद्धा. सुरभी मात्र फोनवर "हाय आजी"च्या पुढे जात नसे. त्यांनी अमेरिका निवडली.

संध्याकाळी कणीक मळताना त्यांनी नाटकातलं पहिलं वाक्य मोठ्याने म्हटलं. पुढचं नेहमी दीनानाथ म्हणत. आज तेही बाईंनीच म्हटलं.